बाणाचा पल्ला आणि डोळ्यांचा अंदाज

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

धनुर्विद्येविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. ती निरनिराळ्या ठिकाणांहून आली असली, तरी चौघांनाही एकाच अडचणीने गाठले आहे. समोरचे लक्ष्य किती अंतरावर आहे, हे नुसत्या डोळ्यांनी कसे ठरवायचे, हा तो प्रश्न. पहिल्या पत्राचे उत्तर विस्ताराने दिले आहे, कारण पुढच्या उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : मी मूळचा कोल्हापूरचा असून नोकरीनिमित्त अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतो. सहकाऱ्यांच्या संगतीने कंपाउंड (टोकांना कप्प्या असलेले) धनुष्य हाती घेतले, शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि आता १ ऑक्टोबरला सुरू होणाऱ्या हंगामासाठी हरणाच्या शिकारीचा परवाना काढणार आहे. मैदानावर २० आणि ३० यार्डांवरून माझे बाण तळहाताएवढ्या जागेत लागतात. रानात मात्र तेच अंतर कधी १८ यार्ड वाटते, तर कधी २८. माझ्याकडे लेझर रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजणारे यंत्र, आहे, तरीही अनुभवी मंडळी 'आधी डोळा तयार करा' असे सांगतात. यंत्र हाताशी असताना हा खटाटोप कशासाठी, आणि करायचाच झाला तर कसा?
– एक वाचक, मिशिगन

उत्तर : आपले सहकारी सांगतात ते योग्य आहे, आणि त्यामागचे कारण थोड्या आकडेमोडीने लक्षात येईल. कंपाउंड धनुष्याचा बाण साधारणपणे सेकंदाला २८० फूट, म्हणजे सुमारे ८५ मीटर वेगाने जातो. बंदुकीच्या गोळीच्या मानाने हा वेग फारच कमी आहे, त्यामुळे ४० यार्डांच्या आतसुद्धा बाणाची घसरण हिशेबात धरावीच लागते. हवेचा अडथळा बाजूला ठेवला, तर २५ यार्डांवरचे हरीण २० यार्डांवर आहे असे समजून सोडलेला बाण सुमारे ७ सेंटिमीटर खाली लागतो. तीच ५ यार्डांची चूक ३५ यार्डांवर झाली तर बाण सुमारे १० सेंटिमीटर खाली जातो, आणि ४५ यार्डांवर झाली तर १२ ते १३ सेंटिमीटर. रीकर्व्ह (टोके पुढे वळलेल्या, कप्प्या नसलेल्या) धनुष्याचा बाण सेकंदाला १८० फुटांच्या आसपास जात असेल, तर त्याच्या बाबतीत २५ यार्डांवरच ही घट १७ सेंटिमीटर भरते.

व्हाइटटेल हरणाचे वर्मस्थान, म्हणजे छातीत जेथे हृदय आणि फुप्फुसे असतात तो भाग, साधारणपणे २० ते २५ सेंटिमीटर व्यासाचा धरतात. अगदी मध्यावर नेम धरला तरी वर-खाली १० ते १२ सेंटिमीटर एवढीच मोकळीक मिळते. ३५ यार्डांवर अंदाज ५ यार्डांनी चुकला, तर जवळजवळ ही सगळी मोकळीक त्या एका चुकीतच संपते आणि हाताची थरथर, वाऱ्याची झुळूक किंवा घाईने सुटलेली दोरी यांसाठी काहीच उरत नाही. वर्मी न लागलेला बाण अंगात घेऊन हरीण दूर निघून जाते, पुष्कळदा सापडत नाही, आणि त्याचे हाल कोणाच्याही नजरेस पडत नाहीत. म्हणून अंतराचा अचूक अंदाज ही या शिकारीतील पहिली जबाबदारी आहे, असे मी मानतो.

आता डोळा का फसतो ते पाहू. अगदी जवळच्या वस्तूंचे अंतर दोन्ही डोळ्यांच्या एकत्रित दृष्टीमुळे चांगले कळते. पण वस्तू दूर जाऊ लागली की मेंदू इतर खुणांवर अधिकाधिक विसंबतो. मध्ये पसरलेली जमीन कशी दिसते, ओळखीच्या वस्तू किती लहान दिसतात, उजेड किती आहे, या त्या खुणा. मैदानावर गवत सलग असते, लक्ष्य नेहमीच्याच आकाराचे असते आणि कडेचा कुंपणाचा खांबही रोजचाच असतो. आपण तेथे अंतर ओळखत नसून ती जागाच ओळखत असता. रानात यांतले काहीच नसते. मध्ये एखादी घळ असेल आणि तिचा तळ दिसत नसेल, तर पलीकडचे हरीण आहे त्यापेक्षा जवळ भासते. बर्फाने झाकलेल्या किंवा कापणी झालेल्या सपाट शेतावरही अंतर कमीच वाटते, कारण नजर अडवणारे मध्ये काही नसते. उलट, झुडपाआड अर्धे लपलेले, सावलीत उभे असलेले किंवा सूर्यासमोर काळे दिसणारे जनावर लांब वाटते. मिशिगनमध्ये सूर्योदयापूर्वी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढ्या वेळात हरणाची शिकार करता येते, आणि हरणे नेमकी या दोन टोकांच्या अंधुक उजेडातच जास्त हिंडतात. दुपारी केलेला सराव तेथे अपुरा पडतो. त्यातच ऑक्टोबरच्या आरंभी मेपल आणि ओकची पाने झाडावर असतात, तर नोव्हेंबरात ती गळून रान उघडे पडते. एकाच मचाणावरून एकच पायवाट या दोन महिन्यांत वेगळ्या अंतरावर वाटू लागते, ही गोष्ट नवशिक्याला ठाऊक असलेली बरी.

सर्वांत मोठी फसवणूक मात्र जनावराच्या आकाराची असते. पाडस किंवा वर्षाचे हरीण लहान दिसते म्हणून लांब वाटते, आणि मोठ्या शिंगांचा नर समोर आला की मन त्याला जवळ ओढते. माझा ठाम सल्ला असा, की अंतर ठरवताना जनावराकडे पाहूच नये. त्याच्या खुरांखालची जमीन पाहावी आणि स्वतःच्या पायापासून तेथपर्यंत नजरेने चालत जावे.

या नजरेच्या चालीलाच वळण लावायचे आहे. प्रथम टेप घेऊन २० यार्ड मोजा आणि नेहमीच्या चालीने त्यात आपली किती पावले बसतात ते पाहा. एकदा ही संख्या पक्की झाली की पुढे टेपची गरज उरत नाही. नंतर काही दिवस फक्त २० यार्ड हे एकच अंतर डोळ्यांत बसवा. वाहनतळावर, बागेत, रानातील पायवाटेवर, जेथे जाल तेथे 'माझ्यापासून २० यार्ड कोठे संपतात?' एवढेच स्वतःला विचारा, जागा ठरवा आणि पावलांनी तपासा. हे अंतर पक्के बसले की त्यापुढे ५-५ यार्डांचे टप्पे जोडता येतात. ३० यार्डांच्या पलीकडे टप्पे जोडण्यात चूक वाढत जाते, म्हणून तेथे मधला बिंदू शोधून तेवढ्याच अंतराचा अंदाज घ्यावा आणि तो दुप्पट करावा. मन डळमळले, तर 'यापेक्षा जवळ असणे शक्य नाही' आणि 'यापेक्षा लांब असणे शक्य नाही' अशा दोन सीमा ठरवून मधला आकडा घ्यावा. झाडाचे अंतर काढायचे असेल तर बुंधा जमिनीला टेकतो ती जागा पाहावी, शेंडा किंवा फांद्या पाहू नयेत.

या सरावात एक वही अवश्य ठेवा. तीत अंदाज, मोजलेले अंतर आणि उजेड कसा होता हे तर लिहाच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे चूक कमीकडे झाली की जास्तीकडे, हे प्रत्येक वेळी नोंदवा. बहुतेकांच्या डोळ्यांना एक ठराविक झुकाव असतो. कोणी उघड्यावर नेहमी कमी सांगतो, कोणी झाडीत नेहमी जास्त. हा झुकाव वहीत दिसू लागला की तो अंदाजातून वजा करता येतो. नोंद केली नाही, तर वर्षानुवर्षे तीच चूक होत राहते आणि दोष मात्र धनुष्याला दिला जातो.

रेंजफाइंडर टाकून द्या, असे मी मुळीच म्हणत नाही. त्याचा खरा उपयोग हरीण येण्यापूर्वी आहे. मचाणावर बसल्याबरोबर चहूबाजूंची ठळक झाडे, खडक, पडलेले ओंडके यांची अंतरे मोजावीत आणि २० व ३० यार्डांची दोन कडी मनाशी आखून घ्यावीत. मोजताना किरण जाड बुंध्यावरच पडेल याची काळजी घ्यावी, कारण मध्ये आलेल्या एखाद्या डहाळीवरून तो परतला तर यंत्र त्या डहाळीचेच अंतर दाखवते. दाट धुक्यात आणि पावसातही त्याचे वाचन भरवशाचे राहत नाही. हरीण आल्यावर ते कोणत्या कड्याच्या आत आहे एवढेच पाहायचे असते. त्या वेळी यंत्र डोळ्याला लावण्यासाठी हात उचलला, तर ती हालचाल हरणाच्या लक्षात येण्याची भीती असते. आणि मोजून झाल्यावर हरीण चार पावले पुढे सरकले, तर वाचलेला आकडा निरुपयोगी ठरतो. त्या चार पावलांची भर घालायला डोळाच लागतो.

अंतर बिनचूक कळले, तरी बाण सोडावाच असे नाही. ३० यार्ड जायला बाणाला साधारण ०.३२ सेकंद लागतात, तर दोरीचा आवाज ०.०८ सेकंदात हरणापर्यंत पोहोचतो. उरलेल्या पाव सेकंदात बिचकलेले हरीण उडी घेण्यासाठी पाय दुमडते आणि त्याचे अंग खाली जाते. त्यातले ०.१५ सेकंद जरी ते मोकळे खाली येत असले, तरी ११ सेंटिमीटरचा फरक पडतो. याला कोणताही सराव पुरा पडत नाही. यावर उपाय एकच, तो म्हणजे अंतर कमी ठेवणे. अमेरिकेतील आधुनिक धनुष्य-शिकारीची परंपरा ज्यांच्यापाशी पोहोचते, ते ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीचे इशी १९११ साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिल येथे पुढे आले, आणि सॅन फ्रान्सिस्कोचे डॉक्टर सॅक्स्टन पोप त्यांच्याकडून धनुर्विद्या शिकले. इशींचा भर दबा धरण्यावर आणि आवाज काढून जनावराला जवळ बोलावण्यावर असे. पहिल्या हंगामात आपणही २० यार्डांच्या कड्याबाहेर बाण सोडू नये, असे मी सुचवीन. वहीतील चुका सलग दोन यार्डांच्या आत येऊ लागल्या, की मगच पुढच्या कड्याचा विचार करावा.

प्रश्न : आम्ही कोलोरॅडोत राहतो. यजमान गेली काही वर्षे सप्टेंबरात धनुष्याने एल्कच्या (हरणाच्या एका मोठ्या जातीच्या) शिकारीला डोंगरात जातात आणि आता मीही शिकत आहे. चढावर किंवा उतारावर नेम धरताना अंतर कमी धरावे असे ते म्हणतात. किती कमी धरावे, आणि वर व खाली दोन्हीकडे कमीच का?
– एक वाचक, डेन्व्हर

उत्तर : गुरुत्वाकर्षण सरळ खाली ओढते, म्हणून बाणाची घट बहुतांशी आडव्या अंतरावर ठरते, तिरक्या अंतराने नेम धरला तर बाण वर जातो. चढ असो वा उतार, आडवे अंतर तिरक्या अंतरापेक्षा कमीच असते, म्हणून दोन्हीकडे कमी धरायचे. सौम्य कोनात हा फरक नगण्य असतो. २० फूट उंच मचाणावरून तिरके अंतर २० यार्ड भरले, तर आडवे सुमारे १९ यार्ड असते, आणि त्या एका यार्डासाठी डोके शिणवण्याचे कारण नाही. आपल्या डोंगरात ३० अंशांचा उतार मिळाला, तर मात्र तिरके ४० यार्ड हे आडवे साडेचौतीसच असतात, आणि ही साडेपाच यार्डांची तफावत दुर्लक्षण्याजोगी नाही. कोनाचा हिशेब करून देणारे रेंजफाइंडर मिळतात. ते नसेल, तर उतारावर लक्ष्याच्या रेषेत असलेले एखादे उंच झाड पाहून, त्या झाडाच्या आपल्या डोळ्यांच्या पातळीतील बिंदूपर्यंतचे अंतर काढावे. तेच आडवे अंतर होय. मात्र त्यासाठी ते झाड लक्ष्याजवळच असले पाहिजे.

याखेरीज आपण विचारली नाही अशी एक गोष्ट सांगतो. मोठ्या नर एल्कची खांद्यापाशी उंची सुमारे ५ फूट असते, तर व्हाइटटेल हरणाची तीन-साडेतीन फूट. हरणाच्या आकाराला सरावलेला डोळा एल्कला खऱ्या अंतरापेक्षा पुष्कळ जवळ समजतो, आणि डोंगरातील स्वच्छ कोरडी हवा त्यात भर घालते. आपला डोळा अजून कोणत्याच जनावराला सरावलेला नाही, हा खरे तर आपला फायदा आहे. पहिल्यापासून जमीन मोजण्याचीच सवय लावा.

प्रश्न : आमच्या शेतात रानडुकरे फार नासधूस करतात. माझ्याकडे सरावाचे धनुष्य आहे. रात्री राखणीला बसल्यावर त्यांच्यावर नेम धरला, तर पिकाचे रक्षणही होईल आणि अंतराचा अंदाजही पक्का होईल, असे वाटते. आपले मत काय?
– एक शेतकरी वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : असे कृपया करू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार भारतात वन्यप्राण्याची शिकार प्रतिबंधित आहे, आणि मिशिगनच्या वाचकाला मिळतो तसा हौशी शिकारीचा परवाना आपल्याकडे नाही. पिकाच्या नुकसानीची भरपाई वन विभागाकडून मिळते. त्यासाठी तातडीने अर्ज करून पंचनामा करून घ्यावा. अंतराच्या सरावासाठी रानडुक्कर लागतही नाही. पुठ्ठ्याचे दोन-तीन आकार कापून घरातील कोणाला तरी ते बांधावर आपल्या नकळत उभे करायला सांगा, अंदाज बांधा आणि पावलांनी मोजा. या सरावात बाण सोडण्याचीसुद्धा गरज नाही.

प्रश्न : मी सातारा येथे कंपाउंड धनुष्याचा सराव करते. ५० मीटरवर माझे गुण चांगले होतात. आता फील्ड आर्चरीत भाग घेण्याची इच्छा आहे; परंतु त्यात काही लक्ष्यांची अंतरे सांगितलीच जात नाहीत, असे कळते. त्याची तयारी कशी करावी?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : आपल्या प्रश्नाचा मला विशेष आनंद वाटला. आपल्याच साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिन येथे कंपाउंडचे वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवले, ते ५० मीटरच्या मोजलेल्या अंतरावर. फील्ड आर्चरीत तेच धनुष्य घेऊन झाडीत, चढ-उतारावर जायचे असते, आणि अज्ञात अंतराच्या फेरीत रेंजफाइंडरला मनाई असते.

तरी वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या नियमांतच आपल्याला एक आधार मिळतो. लक्ष्याचे चार आकार असतात आणि प्रत्येकाची अंतरमर्यादा ठरलेली असते. कंपाउंड व रीकर्व्हसाठीच्या लाल खुंटीवरून (बाण सोडण्यासाठी उभे राहण्याच्या खुणेवरून) अज्ञात अंतराच्या फेरीत २० सेंटिमीटरचे लक्ष्य १० ते १५ मीटर, ४० चे १५ ते २५, ६० चे २० ते ३५ आणि ८० चे ३५ ते ५५ मीटर या मर्यादेत असते. म्हणून खुंटीपाशी गेल्यावर आधी आकार ओळखावा. तो ओळखला की अंदाजाच्या दोन्ही सीमा आपोआप ठरतात. कठीण जागा आहे ती ६० आणि ८० यांच्यामधली. दाट सावलीत लांब वाटणारे ६० चे लक्ष्य ८० चे समजले गेले, तर सारा हिशेबच ढासळतो. या दोन आकारांची लक्ष्ये वेगवेगळ्या उजेडात शेजारी-शेजारी लावून निरखणे हा सर्वांत उपयोगी अभ्यास आहे, आणि अनेक जण तो टाळतात.

चुकीची किंमत आधीच ठाऊक असली म्हणजे कोठे सावध राहायचे ते कळते. सेकंदाला ८५ मीटर वेगाच्या बाणाने ४५ मीटरवरचे लक्ष्य ४० वर समजून वेध घेतला, तर बाण सुमारे १५ सेंटिमीटर खाली जातो आणि ८० च्या लक्ष्यावर ६ ऐवजी ४ गुण मिळतात. पहिला बाण कोठे लागला हे दुर्बिणीतून दिसते, त्यावरून पुढचे बाण सुधारता येतात. म्हणून पहिल्या बाणाचा नेम अंदाजाने ठरवलेल्या अंतरावरच प्रामाणिकपणे धरा, मनातल्या मनात थोडा वर किंवा खाली करू नका, नाहीतर तो बाण आपल्याला काहीच शिकवणार नाही. साताऱ्याभोवतीच्या टेकड्यांवर बाण न नेताही हा अभ्यास करता येईल. ओढ्यापलीकडचा दगड, चढावरचे झाड, उतारावरचा बांध यांचे अंदाज बांधावेत, लिहावेत आणि चालत जाऊन तपासावेत. ओढ्यापलीकडचे अंदाज वहीत स्वतंत्र पानावर ठेवा. मध्ये जमीन दडलेली असताना आपली चूक कोणत्या बाजूला जाते, ते त्या पानावर लवकर दिसू लागेल.